जुन्या पेट्रोल जीपचा करंट कमजोर : आणखी एक कॉइल आणण्याआधी

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच कळेल. आजोबांची उंच बोनेटची पेट्रोल जीप, सीजे-३बी, दोन पावसाळे पडवीत उभी होती. आता बॅटरी नवी, कॉइल (बॅटरीच्या थोड्या व्होल्टचे प्लगसाठी हजारो व्होल्ट करणारी डबी) नवी, चारही प्लग नवे. सेल्फ मारला की इंजिन फिरतं. प्लग काढून ब्लॉकला टेकवला तर ठिणगी दिसते, पण पिवळसर आणि केसासारखी बारीक. गाडी एखाददुसरा ‘फट्’ करते आणि पुन्हा गप्प. मिस्त्रींनी आणखी एक कॉइल लावून पाहिली, फरक शून्य. आता ते म्हणताहेत की पॉइंट-कंडेन्सर (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच आणि त्याचा जोडीदार) काढून टाकू आणि इलेक्ट्रॉनिक किट बसवू. बसवू का, असं तुम्ही विचारताय.

आत्ता नको. पुढे बसवायचं असेल तर बसवा, त्याबद्दल खाली बोलतो. पण आत्ता बसवलंत तर बहुधा पैसेही जातील आणि गाडीही पडवीतच राहील.

मी कऱ्हाडकडे ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करतो, तीस वर्षं होत आली. पाटण, कोयनेकडच्या जीपा आमच्याकडे पहिल्यापासून येतात. त्यातल्या बहुतेकांची पेट्रोल इंजिनं केव्हाच निघाली आणि डिझेल बसलं, त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिन असलेली जीप दारात आली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली ती १९४७ मध्ये, आणि तुमचं हे उंच बोनेटचं मॉडेल अमेरिकेत निघालं १९५३ साली. बोनेट उंच का, तर त्याखालचं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच आहे. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. सव्वादोन लिटरच्या आतबाहेर, कॉम्प्रेशन सातच्या आसपास. फार मागणी करणारं इंजिन नाही हे. नीट करंट आणि ताजं पेट्रोल मिळालं तर हँडलच्या दोन झटक्यांत सुरू होतं. ते होत नसेल तर कुठेतरी काहीतरी अगदी साधं बिघडलंय.

आता मूळ मुद्दा. ‘स्पार्क कमजोर आहे’ असं आपण म्हणतो आणि नजर थेट कॉइलवर जाते, कारण स्पार्क तिच्यातून निघतो. पण कॉइल करंट तयार करत नाही. तिला जेवढं मिळतं त्याचंच ती रूप बदलून देते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या बॅटरीत साडेबारा व्होल्ट आहेत, ते मान्य. पण ते कॉइलपर्यंत पोचताहेत का, आणि कॉइलमधून पॉइंटमार्गे परत बॅटरीच्या निगेटिव्हला जाताहेत का, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. दोन कॉइली बदलल्या, पण मीटर एकदाही लावलेला दिसत नाही.

आणि ही गळती सरळ हिशेबाची नसते. कॉइलमध्ये साठणारी ताकद करंटच्या वर्गावर, म्हणजे करंट गुणिले करंट अशी, जाते. बाराच्या जागी दहा व्होल्ट पोचले तर ताकद सहावा हिस्सा कमी होईल असं वाटतं. प्रत्यक्षात तीस टक्के जाते. नऊ पोचले तर जवळजवळ निम्मी गेली. म्हणून एखादं गंजलेलं थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा डोळा) किंवा झिजलेला स्विच एवढा गोंधळ घालू शकतो, आणि दिवे-हॉर्न मात्र ठणठणीत चालतात, कारण त्यांचा रस्ता वेगळा.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत, त्या इथे बसून मला सांगता येणार नाहीत. मूळ जीपा सहा व्होल्टच्या होत्या, पुढे बारा व्होल्ट आले, आणि मधल्या काळात गावोगावी सहाच्या बारा करून घेतल्या गेल्या. तुमची नवी बॅटरी बाराची आहे असं धरतो. डिस्ट्रिब्यूटर (पॉइंट ज्यात बसतात आणि जो करंट चारही प्लगना वाटतो तो) मूळ ऑटोलाइट कंपनीचा आहे की कुणीतरी लुकास कंपनीचा बसवलाय, हेही बघावं लागेल, कारण पॉइंटचा गॅप दोघांचा वेगळा : ऑटोलाइटला वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि लुकासच्या २५डी४ ला पंधरा थाऊ. लुकासच्या बाजूला व्हॅक्यूमची गोल डबी असते, त्यावरून ओळखा.

कॉइल कोणती आणलीत तेही बघा. बारा व्होल्टची साधी कॉइल असेल तर दोन लहान टोकांमध्ये मीटरवर तीन ओहमच्या आसपास येतं. दीडच्या आसपास आलं तर ती बाहेरून रेझिस्टन्स लावायची कॉइल आहे. ती तशीच थेट लावली तर तापते आणि पॉइंट जाळते. उलटंही होतं, आणि ते तुमच्या लक्षणांशी जुळतं. गाडीत जुना रेझिस्टन्स आधीच बसवलेला आहे आणि दुकानदाराने साधी तीन ओहमची कॉइल दिली. मग चार अँपिअरच्या जागी पावणेतीन जेमतेम जातात, आणि ताकद निम्म्याखाली येते. फायरवॉलवर किंवा कॉइलच्या पट्ट्याखाली पांढऱ्या चिनीमातीचा, बोटाएवढा तुकडा दिसतोय का ते आधी बघून घ्या.

रंगाबद्दल एक. पिवळा स्पार्क वाईट, निळा चांगला, असं आम्हीही बोलतो, पण मी त्याच्यावर विसंबत नाही. भर उन्हात चांगला स्पार्कही दिसत नाही, आणि अंधारात मरतुकडा स्पार्कही झकास वाटतो. शिवाय प्लगचा गॅप जेमतेम पाऊण मिलिमीटर. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरला तीनेक हजार व्होल्ट पुरतात, म्हणजे बाहेर टेकवलेला प्लग अर्धमेल्या कॉइलवरही पेटतो. सिलिंडरमध्ये दाब वाढला की तोच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त लागतं. बाहेर स्पार्क आहे आणि आत नाही, हे असंच होतं. खरी परीक्षा म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतली मधली वायर काढायची, तिचं टोक ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडापासून सहा मिलिमीटरवर धरायचं आणि सेल्फ मारायचा. ‘चट् चट्’ असा कोरडा आवाज करत प्रत्येक वेळी उडी मारली तर कॉइलकडे बघायचं कारण नाही. तीन मिलिमीटरवरही अडखळत असेल तर पुढे वाचा. वायर लाकडी चिमट्याने किंवा चांगल्या रबरी मुठीच्या पकडीने धरा, हाताने नको. आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोग आधी ते पुसून, वाळवून मगच.

आता मीटर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण चांगले चांगले इथे फसतात आणि मीही फसलोय. पॉइंट उघडे असताना कॉइलमधून करंट वाहत नाही. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडावरही व्होल्ट पडत नाहीत, आणि मीटर आरामात बारा दाखवतो. पाइपचा नळ बंद असेल तर चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण दिसतो, नळ उघडल्यावर धार कळते. तेव्हा मोजमाप पॉइंट मिटलेले असताना करायचं. टोपी काढा, आतला रोटर (फिरत फिरत एकेका प्लगला करंट देणारा तुकडा) काढा, हँडलने इंजिन हळूहळू फिरवा आणि पॉइंट पूर्ण मिटले की थांबा. इग्निशन चालू करा.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. चेसिसवर नाही, क्लॅम्पवरही नाही, खांबाच्या शिशावर. लाल पिन आधी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर लावून आकडा लिहून ठेवा. मग लाल पिन कॉइलच्या ज्या टोकाला स्विचची वायर येते तिथे. रेझिस्टन्स नसलेल्या गाडीत हा आकडा बॅटरीपेक्षा फार तर अर्ध्या व्होल्टने कमी असावा. एक-दीड व्होल्ट गायब असतील तर बॅटरी ते कॉइल या रस्त्यात चोर आहे. मग लाल पिन कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, जिथून वायर डिस्ट्रिब्यूटरला जाते. इथे जवळपास शून्य हवं, पाव व्होल्टच्या आत. एक व्होल्ट दिसला तर पॉइंट घाण आहेत किंवा अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीचा रस्ता, नीट नाही. शेवटी लाल पिन डिस्ट्रिब्यूटरच्या अंगाला टेकवा. तिथेही व्होल्ट दिसले तर इंजिनाचा अर्थच कच्चा.

हे चार आकडे पाच मिनिटांत होतात. त्याहून जास्त वेळ इग्निशन चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये जवळजवळ पन्नास वॉट उष्णता तयार होते, नवी कॉइल उगाच शिजेल.

मग हँडलने थोडं फिरवून पॉइंट उघडा. आता कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला पूर्ण बॅटरीएवढे व्होल्ट आले पाहिजेत. आले नाहीत, तर डिस्ट्रिब्यूटरच्या आत काहीतरी अर्थला टेकतंय : बहुतेक वेळा पॉइंटच्या बोल्टवरचा फायबरचा वॉशर फुटलेला असतो किंवा उलटसुलट बसलेला असतो, नाहीतर कंडेन्सर आतून शॉर्ट झालेला.

एक जीप सांगतो. पाटणच्या वरून ओढत आणली होती, तिसरी कॉइल चालू होती. मालक वैतागलेला, माझा पोरगा म्हणाला बॅटरी ते कॉइल बारा व्होल्ट दाखवतंय, वायरिंग ठीक आहे. मी पॉइंट मिटवायला लावले. बॅटरीवर १२.४, कॉइलवर ८.६. मग एकेक पायरी मागे जात गेलो : स्विचच्या बाहेर ८.७, स्विचच्या आत ९, अँमीटरच्या (डॅशबोर्डवरच्या करंटच्या काट्याच्या) एका बोल्टवर ९.१ आणि दुसऱ्या बोल्टवर १२.२. अँमीटरच्या मागचा नट बोटाने फिरत होता. थिंबलच्या खाली काळा, भाजलेला गोल उमटला होता, पापडाच्या डागासारखा. थिंबल घासलं, नट आवळला, स्पार्कने नऊ मिलिमीटरची उडी मारली. तीन कॉइलींचे पैसे एका नटाने खाल्ले होते.

तुमच्या गाडीत चोर तिथेच असेल असं नाही. पण दोन पावसाळे उभ्या असलेल्या जीपमध्ये माझा संशय आधी या जोडांवरच जातो : अँमीटरचे दोन बोल्ट, इग्निशन स्विच, आणि वायरिंगला कुणीतरी मध्ये पिळून टेप मारलेले जोड. झटपट खात्री करायची असेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला एक सुटी जाड वायर थेट लावून पाहा. स्पार्क एकदम जिवंत झाला तर रस्त्यातच चोर आहे. फक्त लक्षात ठेवा, ही वायर लावलेली असताना चावी बंद करून इंजिन बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल.

सेल्फ मारताना काय होतं तेही बघा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बॅटरीच्या खांबांवर मीटर लावा. साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी नवी असो वा जुनी, सेल्फ तिला कोरडी करतोय. सेल्फचे बुश झिजले असतील किंवा बॅटरीच्या केबली हलक्या असतील. तुमच्या जीपला पुढे हँडल आहे, हे भाग्य समजा. सेल्फवर सुरू न होणारी गाडी हँडलवर किंवा उतारावर ढकलून सुरू होत असेल, तर दोष स्पार्कच्या सामानात नाही, सेल्फ बॅटरी ओढून घेतोय त्यात आहे. हे एवढं साधं निदान आहे की लोक ते विसरतात.

आता अर्थ. अर्थ म्हणजे परतीचा रस्ता, आणि तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. इंजिन रबराच्या मांडणीवर बसलेलं असतं, त्यामुळे ते चेसिसला एका वेणीच्या पट्टीने जोडलेलं असावं लागतं. आजोबांच्या जीपा नातवंडं हौसेने रंगवून घेतात, चेसिसला जाड रंग बसतो, पट्टी रंगावरच बोल्ट केली जाते, आणि मग अर्थ येतो कुठून तर क्लचच्या किंवा चोकच्या केबलमधून. तुमची गाडी रंगवली आहे का, ते लिहिलेलं नाही. रंगवली असेल तर तो बोल्ट काढून खालचं लोखंड चमकेपर्यंत घासा.

मी ज्या प्रकरणात फसलो ते यातलंच. लुकासचा डिस्ट्रिब्यूटर, गाडी थंड असताना सुरू व्हायची, ॲक्सिलरेटर दिला की मिसिंग. मी दोन दिवसांत पॉइंट दोनदा बदलले, कंडेन्सर बदलला, मालकाला पेट्रोलपंपावर संशय घ्यायला लावला. मोजमाप मात्र मी चेसिसवर काळी पिन लावून करत होतो, आणि तेही व्हॅक्यूम न ओढता, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधली प्लेट न हलवता. शेवटी आतली प्लेट बोटाने फिरवली आणि आकडा उडाला. त्या प्लेटला अर्थ देणारी एक कापसाच्या वातीएवढी बारीक, कापडी वेष्टनाची वायर असते. आतले तांब्याचे तंतू सगळे तुटले होते, फक्त कापड शाबूत होतं. दिसायला वायर एकदम व्यवस्थित. तेव्हापासून मी त्या वायरीला चिमट्याने हळूच ओढून बघतो. रबरासारखी ताणली तर आतून तुटलेली आहे. तुमच्या गाडीत लुकास असेल तर हे नक्की करा.

आता पॉइंट. दोन पावसाळ्यांत पॉइंटच्या तोंडांवर राखाडी थर बसतो, तो डोळ्यांना धड दिसतही नाही. नवे पॉइंट आणलेत तरी त्यांना कारखान्यातला तेलकट लेप असतो. थोड्या पेट्रोलने किंवा थिनरने पुसल्याशिवाय ते करंट देत नाहीत, आणि नवे आहेत म्हणून कुणी संशय घेत नाही. घासायला पॉलिश पेपर वापरू नका, त्याची रेव टंगस्टनमध्ये रुतते. पॉइंटची बारीक कानस दोन वेळा फिरवा, मग कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढा. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत.

गॅप फीलर गेजने, कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट सर्वांत जास्त उघडे असताना. गॅप फार मोठा ठेवला तर पॉइंट मिटलेले राहण्याचा वेळ कमी होतो आणि वेगात कॉइल भरत नाही. ४००० फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १३३ स्पार्क लागतात, एका स्पार्कला साडेसात मिलिसेकंद, त्यातला जेमतेम निम्मा वेळ कॉइल भरायला. पण सुरू करताना वेळेची चणचण नसते, तेव्हा अडचण वेगळीच असते : इंजिन रखडत फिरतं, पॉइंट हळूहळू उघडतात, आणि उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडते.

इथे कंडेन्सरचं काम येतं, आणि ते समजलं की बाकी सगळं समजतं. आमच्याकडे नदीवरून लिफ्टच्या पाइपलाइनी आहेत. भरधाव पाणी चाललेलं असताना एकदम अडवलं की पाइप धाडकन हादरतो, तो तडाखा मोटारीच्या दाबापेक्षा कितीतरी मोठा असतो. कॉइलचं नेमकं तेच आहे. करंट जितका तोडून थांबेल तितका तडाखा मोठा, आणि तोच तडाखा प्लगवर हजारो व्होल्ट होऊन येतो. पॉइंटमध्ये ठिणगी पडत राहिली तर करंट तुटत नाही, रेंगाळत थांबतो, आणि तडाखा बसतच नाही. पॉइंट एकमेकांपासून लांब जाईपर्यंतच्या त्या क्षणात करंटला जायला जी जागा हवी, ती कंडेन्सर देतो. म्हणून मेलेला कंडेन्सर म्हणजे पॉइंटवर झगझगीत निळी ठिणगी आणि प्लगवर पिवळं काहीतरी. अंधार करून, टोपी काढून, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पॉइंटवर बारीक, अधूनमधून ठिणगी दिसली तर चालेल. वेल्डिंगसारखं झगमगत असेल तर कंडेन्सर बदला. मीटरवर मोजता येत असेल तर ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या आसपास यायला हवा. आणि जुना चालू कंडेन्सर कधीही फेकू नका. बाजारात आता मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांपैकी काही पाकिटातूनच मेलेले निघतात, हा माझा अनुभव. मी दोन एकदम घेतो आणि दोन्ही मोजतो.

डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून बघायला विसरू नका. ढिला लागला तर बुश गेलेत, आणि मग गॅप तुम्ही लावाल तो राहणार नाही. चार उंचवट्यांवर चार वेगवेगळे गॅप येतील. हे लेथवाल्याचं काम आहे, एका दिवसाचं.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, मधल्या वायरीतून सहा मिलिमीटरची उडी मिळाली आणि तरी प्लगवर स्पार्क मरतुकडा असेल, तर चोर टोपी, रोटर किंवा प्लगच्या वायरींत आहे. टोपीच्या आत मधोमध कार्बनची छोटी कांडी स्प्रिंगवर असते, ती आहे का बघा. अडकलेली किंवा गायब असते. टोपीच्या आतल्या भिंतीवर केसासारखी काळी रेघ दिसली तर ती भेग आहे, करंट तिथून पळतो. पुसून जाणार नाही, टोपी बदला. दमट हवेत रात्री बोनेट उघडून सेल्फ मारलात तर वायरींवरून निळे किडे पळताना दिसतात, ते बघून मला अजूनही मजा येते.

रोटर मात्र डोळ्यांना कळत नाही. त्याची परीक्षा अशी : रोटर जागेवर बसवा, टोपी नाही. इग्निशन चालू, पॉइंट मिटलेले. कॉइलची मधली वायर रोटरच्या पितळेच्या पट्टीपासून तीन-चार मिलिमीटरवर धरा आणि लाकडी काडीने पॉइंट उघडा. रोटरवर स्पार्क पडायला नको, कारण रोटर कुठेच जोडलेला नाही, त्याला जायला रस्ताच नाही. स्पार्क पडला, म्हणजे रोटरचं बेकलाइट आतून फुटलंय आणि करंट खाली शाफ्टमध्ये उतरतोय. काही नवे रोटर हलक्या मालाचे असतात, त्यांना जुळवायला मध्ये रिव्हेट मारलेला असतो, तो शाफ्टच्या अगदी जवळ जातो. जुना रोटर असेल तर तो पुन्हा लावून बघा.

कॉइलची उलटसुलट जोडणीही एकदा तपासा. जीप निगेटिव्ह अर्थची, म्हणजे कॉइलचं पॉझिटिव्ह टोक स्विचकडे, निगेटिव्ह पॉइंटकडे. कॉइलवर अधिक-उणे खुणांऐवजी ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ लिहिलेलं असेल तर ती पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या गाड्यांसाठी बनलेली आहे, आणि तुमच्या जीपवर ती नावाप्रमाणे लावली की उलटी बसते. उलट्या कॉइलवरही स्पार्क येतो, पण तापलेल्या मधल्या टोकाऐवजी थंड बाजूकडून त्याला उडी मारावी लागते आणि त्यासाठी बरेच जास्त व्होल्ट लागतात. शंका असेल तर स्पार्क चालू असताना गॅपमध्ये शिसपेन्सिलीचं टोक धरा. पेन्सिलीपासून प्लगच्या बाजूला नारिंगी झळाळी दिसली तर जोडणी बरोबर. झळाळी वायरीच्या बाजूला दिसली तर दोन लहान वायरी अदलाबदल करा.

पेट्रोलबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. टाकीत दोन वर्षांपूर्वीचंच असेल तर काढून टाका. वास घ्या : ऑइलपेंटसारखा आंबट वास आला तर ते पेट्रोल राहिलेलं नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. असल्या मिश्रणाने ओले झालेले प्लग कितीही चांगल्या स्पार्कने पेटत नाहीत, आणि दोष बिचाऱ्या कॉइलला मिळतो.

आता किटचं. मला इलेक्ट्रॉनिक किटचं वावडं नाही. रोज गाडी चालवणार असाल, घाट चढणार असाल, तर पॉइंट झिजण्याची कटकट जाते, हे खरं. पण किटलाही तेच व्होल्ट लागतात, तोच अर्थ लागतो. सेल्फ मारताना बॅटरी आठवर आली की कित्येक किट चक्क झोपतात, जिथे पॉइंट निदान काहीतरी ठिणगी देत होते. ८.६ व्होल्टवाल्या त्या पाटणच्या जीपमध्ये किट बसवलं असतं तर मालकाला चौथ्या कॉइलबरोबर किटचंही बिल भरावं लागलं असतं. आणि जंगलात किट गेलं की गाडी ओढूनच आणायची. पॉइंट गेले तर कानस आणि व्हिजिटिंग कार्ड खिशात असलं की भागतं. तेव्हा आधी वायरिंग सुधारा, पॉइंटवर गाडी चालू करा, महिनाभर फिरवा. मग किट बसवा, त्याला चालेल अशीच कॉइल घ्या, आणि पॉइंट-कंडेन्सर लावलेली जुनी प्लेट गाडीतच ठेवा.

तर क्रम असा ठेवा : बॅटरीवरचा आकडा सेल्फ मारताना, मग पॉइंट मिटवून कॉइलची दोन्ही टोकं, मग डिस्ट्रिब्यूटरचं अंग, मग पॉइंट आणि कंडेन्सर, आणि शेवटी टोपी-रोटर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेली जुनी वस्तू फेकून देऊ नका. मिस्त्रींना रागावू नका, त्यांच्याकडे दिवसाला वीस फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या येतात, पॉइंट त्यांनी शेवटचा कधी बघितला असेल कुणास ठाऊक.

पाच आकडे इथे कळवा : सेल्फ मारताना बॅटरीवर किती, पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या दोन टोकांवर किती-किती, डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर किती, आणि कॉइलचे ओहम किती. सोबत डिस्ट्रिब्यूटरचा फोटो टाका, लुकास की ऑटोलाइट ते मी सांगतो. आणि हँडल मारताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीभोवती आवळू नका. टायमिंग पुढे असेल तर हँडल उलट फिरतं. माझा डावा अंगठा पावसाळ्यात अजून ठणकतो.